चोवीस तासांची बाटली

आधी नाकावरचा रुमाल काढा पाहू, मित्रांनो! मी एक जुनी, तपकिरी काचेची बाटली आहे. आज मी आतून बाहेरून स्वच्छ आहे, कोरडी खडखडीत आहे, आणि माझ्या तोंडाशी नाक आणलंत तरी साबणाचासुद्धा वास यायचा नाही. पण तरुणपणी माझं काम ऐकून भलेभले तोंड फिरवायचे. मी लघवी भरून न्यायची बाटली होते. हसलात ना? हसा, हसा. वर्ध्याच्या दवाखान्यात मला हातात घेताना मोठमोठे साहेबसुद्धा गोरेमोरे व्हायचे, तिथं तुमचं काय घेऊन बसलात!

माझा जन्म भट्टीतला. माझा हा तपकिरी रंग कुणी हौसेनं दिलेला नाही बरं का. आतल्या मालाला ऊन लागून तो बिघडू नये म्हणून दिलेला आहे. पहिल्यांदा माझ्यात तेजाब भरलं, पेंढ्यात गुंडाळलं आणि लाकडी खोक्यात बसवून मला वर्ध्याला धाडलं. नव्वद साल नुकतंच लागलं होतं. प्रवासात खोकं इतकं आदळलं की माझ्या दोन बहिणी वाटेतच फुटल्या. मी मात्र टिकले. पुढे तेजाब संपलं तेव्हा मला वाटलं, झालं, आता आपली रवानगी भंगारवाल्याच्या हातगाडीवर. पण तेवढ्यात प्रभाकररावांनी मला उचललं.

प्रभाकरराव म्हणजे दवाखान्यातल्या तपासणीच्या खोलीचे तंत्रज्ञ. हुद्दा तंत्रज्ञाचा आणि थाट ठाणेदाराचा! राग सदा नाकावर. त्यांनी मला सोड्याच्या गरम पाण्यानं धुतलं, पुन्हा धुतलं, मग खिडकीच्या उजेडात धरून डोळा बारीक करून आतून पाहिलं. "पोरगी कामाची आहे," ते म्हणाले. माझ्या पोटावर त्यांनी कागदाची पट्टी चिकटवली आणि वळणदार अक्षरात लिहिलं, 'चोवीस तास'. तेच माझं नाव पडलं.

नावाचा अर्थ सांगते. रोग्याला मला घरी न्यावं लागे. सकाळची पहिली लघवी सोडून द्यायची. त्यानंतर दिवसभर आणि रात्रभर जेवढ्या वेळा होईल तेवढी सगळी माझ्यात, अगदी दुसऱ्या दिवशी सकाळच्या पहिलीपर्यंत. मग मला दवाखान्यात परत आणायचं. आता तुम्ही विचाराल, एवढ्या लघवीचं करायचं काय? तेही ऐका. गोळी गिळली म्हणजे काम झालं असं नसतं, मित्रांनो. ती पोटात विरघळते, आतड्याच्या भिंतीतून रक्तात जाते, अंगभर हिंडते आणि काम आटोपलं की लघवीवाटे बाहेर पडते. आमच्या डॉक्टर रक्षा मॅडम म्हणत, आतडं म्हणजे पिठाची चाळणी. भोकं बुजली तरी पंचाईत, मोठी झाली तरी पंचाईत. सतत जुलाब होणाऱ्या लेकरांना त्या एक गोड पाणी पाजत. त्यात दोन तऱ्हेच्या साखरा असत. एक आतड्यातून सहज पार होणारी, दुसरी सहसा न होणारी. ही दुसरी साखर लघवीत जास्त सापडली की समजायचं, चाळणी फाटली. आणि मोठ्या माणसांच्या लघवीत औषध सापडतं का ते पाहायचं. सापडलं तर गोळी योग्य जागी पोचली. नाही सापडलं तर एक तर माणूस गोळी घेत नाही, नाही तर त्याचं आतडं गोळीला पुढं जाऊ देत नाही.

काय दिवस होते ते! उन्हाळ्यात खिडकीला वाळ्याचा कूलर धडधडायचा आणि सगळी खोली ओल्या वाळ्याच्या वासानं भरून जायची. स्पिरिटचा दिवा निळसर जळायचा. कोपऱ्यात नळीतला गाळ खाली बसवायचं, हातानं फिरवायचं एक यंत्र होतं, ते प्रभाकरराव गरगर फिरवत आणि फिरवता फिरवता कुणाला तरी रागावत. टेबलावर चहाचा कप ठेवलेला दिसला की त्यांचा आवाज फाटकापर्यंत ऐकू जाई. मी किती घरं पाहिली म्हणून सांगू! हिंगणघाटच्या एका कापड दुकानदारानं मला चक्क झालरीचा अभ्रा शिवला होता. बोरगाव मेघेच्या एका मास्तरांनी मला कपाटावर लपवलं, वर ग्लोब ठेवला, आणि रात्री अंधारात ग्लोबच खाली पाडला. मी घरोघर गेले, पण लोक मला चारचौघांत ओळख दाखवत नसत.

या सगळ्यांत एक घर माझ्या जिवाला लागलं. ते पिपरी मेघेतलं कवडूचं.

कवडू हा जिनिंगमध्ये कापसाच्या गाठी उचलणारा हमाल. अंगानं तगडा, स्वभावानं भिडस्त. त्याची बायको कमलाबाई. तिला क्षयानं धरलं होतं. खोकून खोकून ती कापसाच्या वाळलेल्या पऱ्हाटीसारखी झाली होती, त्यात पोटही कायम बिघडलेलं. मुलगी पौर्णिमा नुकती भिंतीला धरून चालायला लागलेली. आणि घराची खरी मालकीण म्हणजे कवडूची आई, पार्बताबाई. दणकट बाई! आवाज असा की गल्लीच्या या टोकाला बोलली तर त्या टोकाची कुत्री उठून बसत. पण मन मोठं. शेजारणीची वाटी तिच्या घरी आली तर ती कधी रिकामी परत जात नसे. काही नाही तर चार बोरं तरी वाटीत पडत. आणि द्यायचं ते निवडून, नंबर एकचं द्यायचं, हा तिचा बाणा.

औषध सुरू करण्याआधीची तपासणी म्हणून मी पहिल्यांदा त्यांच्या घरी गेले. दुसऱ्या दिवशी सकाळी भरलेली मी कापडी पिशवीतून कवडूच्या सायकलला लटकत दवाखान्याकडे निघाले. आता आमचा जिल्हा पडला दारूबंदीचा. पिशवीतून तपकिरी काच दिसली आणि चौकातल्या हवालदाराचे डोळे चमकले.

"थांब बे! काय हाय पिशवीत?"

"काई नाई, साहेब," कवडू म्हणाला.

"काई नाई तं एवढं जपून काऊन नेऊन राह्यला?"

"दवाखान्याचं हाय जी."

हवालदाराचा विश्वास कसा बसावा? त्यानं माझं झाकण काढलं आणि चांगला दीर्घ श्वास घेतला. अरे देवा! त्याचा चेहरा असा झाला की पानठेल्यावरची सगळी माणसं धावत आली. "अबे, हे तं मूत होय!" तो ओरडला, आणि जो हशा पिकला म्हणता! कवडूच्या जिनिंगमधले दोघे तिथंच विडी ओढत होते. त्यांनी ती गोष्ट कामावर नेली. पुढे कित्येक दिवस कवडू कामावर आला की कुणी तरी विचारायचंच, "काय कवडूभाऊ, आज माल नाई आनला?" हवालदारानं त्याचं काम केलं होतं, त्याला काय बोलणार? पण बिचाऱ्या कवडूच्या डोळ्यांत त्या सकाळी पाणी आलं होतं. ते मी पाहिलं.

अशा मनःस्थितीत तो दवाखान्यात पोचला. कमलाबाई घरीच झोपून होती, तिला चालवत नव्हतं. रक्षा मॅडमनी कवडूच्या हाती क्षयाच्या गोळ्या दिल्या आणि म्हणाल्या, "कवडूभाऊ, नीट ऐका. या गोळ्यांनी लघवी लाल होते. शेंदरी-लाल. ते रक्त नाही, औषधाचा रंग आहे. घरी कमलाबाईंना सांगा, घाबरू नका म्हणावं."

'लघवी' हा शब्द कानावर पडला आणि कवडूचे कान तापले. बाकावर बसलेले चार रोगी ऐकत होते ना! "हो जी, हो जी," म्हणत त्यानं गोळ्या खिशात कोंबल्या आणि तो सुटलाच. घरी गेल्यावर गोळ्या कशा घ्यायच्या ते त्यानं सांगितलं. रंगाचं सांगायला तोंड उघडलं, तर समोर आई पोळ्या लाटत बसलेली. आईच्या देखत बायकोशी लघवीच्या गोष्टी कशा करायच्या? नंतर सांगू, म्हणाला. ते नंतर काही आलंच नाही. मॅडमचं बोलणं मी टेबलावरून शब्द न् शब्द ऐकलं होतं. पण बाटलीला बोलता कुठं येतं?

औषध लागू पडलं. खोकला उतरला. कमलाबाई उठून बसायला लागली, पौर्णिमेला मांडीवर घ्यायला लागली. पार्बताबाई रोज सकाळी स्वतः गोळी हातावर ठेवायची आणि सून ती गिळेपर्यंत समोरून हलायची नाही. मग एक दिवस निरोप आला, तपासणीसाठी बाटली घेऊन जा. कवडू मला हात लावायला तयार होईना. पार्बताबाई स्वतः येऊन मला घेऊन गेली.

आणि मग व्हायचं तेच झालं. कमलाबाईनं लघवी धरायला डबा घेतला होता. अंधाऱ्या न्हाणीत तिला रंग कधी दिसला नव्हता. डब्यात पाहिलं आणि तिनं सासूला हाक मारली. "आत्याबाई, हे पाहा ना वो. रगत जाऊन राह्यलं मले."

पार्बताबाईनं डब्यात पाहिलं. एवढी धीट बाई, पण तिचंही तोंड उतरलं. तिची धाकटी बहीण अशीच नागपूरच्या मोठ्या दवाखान्यात गेली होती आणि परत आली नव्हती. डॉक्टरनं हे रक्त पाहिलं तर सुनेलाही नागपूरला धाडतील, ही भीती तिच्या मनात बसली. "तू काई बोलू नको," ती म्हणाली. "मी हावो ना. गोळ्या सोडू नको मात्र. गोळ्यानं खोकला उतरून राह्यला. रगताचं मागून पाहू."

तिनं डबा न्हाणीत ओतून दिला. मग माझ्याकडे पाहिलं आणि पदर खोचला. मित्रांनो, त्या दिवशी ती बाई तांब्यावर तांबे पाणी प्यायली. दिवसभर, रात्रभर तिनं एकटीनं मला भरलं, पार गळ्यापर्यंत! "दवाखान्याचं भांडं अर्धं कसं धाडाव?" असं ती स्वतःशीच म्हणत होती. सकाळी मला बाहेरून धुतलं, टोपलीत ठेवलं, वर धुतलेल्या लुगड्याचा तुकडा झाकला, आणि डोक्यावर घेऊन ती दवाखान्यात आली. कुणी विचारायची हिंमत केली नाही.

प्रभाकररावांनी माझ्यातली थोडी लघवी काचनळीत काढली. औषध असलं की त्यात निळा रंग उमटायचा. नाही उमटला. त्यांनी नळी हलवली, पुन्हा पाहिली. "मॅडम, निळं नाही. आणि लालही नाही. एकदम पाण्यासारखी आहे." मॅडमनी पुन्हा तपासणी करायला सांगितली. मी पुन्हा पिपरी मेघेला गेले. पार्बताबाईनं पुन्हा तांबे रिचवले आणि या खेपेला तर आणखीच नितळ माल तयार केला. पुन्हा निळं नाही. माझा जीव नुसता वरखाली होत होता. माझ्या पोटात कुणाचं काय आहे ते मला ठाऊक, आणि सांगायची सोय नाही! असा जाच कुणाच्या वाट्याला येऊ नये.

मग मॅडमनी कमलाबाईला आणि कवडूला बोलावून घेतलं. मी तिथंच टेबलावर होते.

"कमलाबाई, तुमच्या लघवीत औषध सापडत नाही," मॅडम म्हणाल्या. त्यांचा आवाज रागाचा नव्हता, काळजीचा होता. "एक तर गोळी पोटात जात नाही, नाही तर तुमचं आतडं तिला रक्तात जाऊ देत नाही. पोट तर तुमचं आधीपासून बिघडलेलं आहेच. अशा गोळ्या चालू ठेवण्यात अर्थ नाही. त्या थांबवून तुम्हाला नागपूरला भरती करावं लागेल. कित्येक महिने इंजेक्शनं घ्यावी लागतील. आणि लहान मुलीला तिथं ठेवता येणार नाही."

"गोळ्या न्हाणीत जात असतील, दुसरं काय!" प्रभाकरराव मागून गरजले. "आमची नळी खोटं बोलत नाही."

कमलाबाईच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहू लागलं. "माह्या पौर्नीची आन घेऊन सांगतो जी, एकबी गोळी चुकवली नाई मी."

तेवढ्यात कवडूनं मान वळवली आणि हळूच विचारलं, "खरंच फेकत तं नाई ना वो तू?"

हे तिला सगळ्यांत जास्त लागलं. परक्यांनी म्हटलं तर माणूस सोसतो, पण घरच्यानं? लाल रंगाचं सांगावं तर नागपूर, न सांगावं तरी नागपूर. ती नुसती पदर तोंडात कोंबून हुंदके देत राहिली. आणि मी विचार करत होते, ज्या गोळीनं ही बाई मरणाच्या दारातून परत आली, तीच गोळी हे आज थांबवणार. औषध अर्धवट सुटलं की क्षय दुप्पट जोरानं उसळतो, हे त्या खोलीत मी कितीदा तरी ऐकलं होतं. फुटून सांगता आलं असतं तर मी त्या क्षणी स्वतःला फरशीवर लोटून दिलं असतं. देवाशपथ सांगते.

बाहेर व्हरांड्यात पार्बताबाई नातीला घेऊन बसली होती. सुनेचं रडणं तिच्या कानी गेलं, आणि पडदा बाजूला सारून ती आत घुसली. कडेवर पौर्णिमा, पदर खोचलेला.

"काऊन रडून राह्यली माही सून? काय म्हटलं तुमी तिले?"

मॅडमनी शांतपणे सांगितलं, "आजी, यांच्या लघवीत औषध नाही."

"औषध कुठून राहीन वो बाई त्याच्यात?" पार्बताबाई म्हणाली. "ते तं माही लघवी होय!"

मॅडमनी आधी माझ्याकडे पाहिलं, मग पार्बताबाईकडे.

"सुनेची लाल लाल येऊन राह्यली. असली खराब लघवी दवाखान्याले कशी द्याव, सांगा बरं तुमीच? म्हनून मी माही देल्ली. पाह्यली ना, कशी निर्मळ हाय! भरूनबी देल्ली गळ्यालोक. कोनाचं भांडं अर्धं धाडाची आमची रीत नाई."

मॅडम खुर्चीवरून उठल्याच. "लाल? लाल येते? केव्हापासून?"

पार्बताबाई जरा नरमली. "मी बाटली घरी नेली तेव्हा दिसली. रगत हाय माय ते. नागपूरले नका धाडू तिले. हात जोडतो."

"आजी, ते रक्त नाही! ती लालच यायला पाहिजे! औषधाचा रंग आहे तो! मी कवडूभाऊंना सगळं समजावून सांगितलं होतं..." आणि मॅडम थांबल्या. सगळ्यांच्या माना कवडूकडे वळल्या.

कवडू फरशीकडे पाहत होता. "आईच्या समोर कसं सांगाव जी असं?" तो पुटपुटला. "मले लाज वाटली."

आता मला वाटलं पार्बताबाई छप्पर उडवणार. पण ती मोठ्यानं बोललीच नाही. ती त्याच्याजवळ गेली, आणि तिचा तो गल्ली हलवणारा आवाज एकदम बारीक झाला. "अरे लेका, लाजेपायी बायको मारत होता काय रे?"

कवडू तगडा गडी, पण लहान मुलासारखा रडला. बायकोकडे पाहायची त्याची छाती होईना. कमलाबाईनंच उठून त्याच्या खांद्यावर हात ठेवला. रागावली नाही बरं का ती. मी असते तर रागावले असते.

मॅडमनी कमलाबाईला एक छोटी डबी देऊन लगेच शेजारच्या मोरीत पाठवलं. ती डबी पदराखाली झाकून घेऊन आली, तर प्रभाकररावांनी सांगितलं, "झाकू नका बाई, आणा इकडे." पिकल्या संत्र्याच्या सालीसारखा रंग होता तो. त्यांनी नळीत थेंब सोडले. सगळे टेबलाभोवती उभे. पार्बताबाई, कवडू, मॅडम, आणि कडेवरची पौर्णिमासुद्धा. आधी काहीच दिसेना. मग नळीत खालून निळा रंग चढायला लागला. हळूहळू, पण अगदी स्पष्ट!

"मॅडम, निळं," प्रभाकरराव म्हणाले, आणि त्यांनी नळी खिडकीच्या उजेडात धरली.

कमलाबाईला निळ्याचं काय कळणार? ती सगळ्यांच्या तोंडाकडे टकामका पाहत होती. मग प्रभाकररावच तिच्यापुढे नळी धरून म्हणाले, "गोळी पोचली, बाई. जिथं पोचायला पाहिजे तिथं पोचली. मी तुम्हाला उगाच बोललो. माफ करा." मग पार्बताबाईकडे वळून म्हणाले, "आणि आजी, तुमची तब्येत मात्र एक नंबर आहे. दोनदा तपासली आम्ही!"

"मंग!" पार्बताबाई म्हणाली, आणि तेव्हा कुठं सगळे हसले.

दुसऱ्या दिवशी कमलाबाईचा खरा चोवीस तासांचा नमुना घेतला गेला. या खेपेला मला कवडूनं आणलं, पिशवीशिवाय, उघड्या हातात धरून. वाटेत कुणी तरी हटकलंच. "माह्या बायकोची लघवी हाय," तो मोठ्यानं म्हणाला. "औषध लागलं तिले." मी त्या दिवशी अर्धीच भरले होते. पार्बताबाईच्या मनाला ते फार लागलं. वर थोडं पाणी तरी घालू द्या म्हणून ती मागे लागली होती, पण कवडूनं घालू दिलं नाही. मोजमाप झालं. आतडं धड होतं, औषध रक्तात उतरत होतं. नागपूर टळलं. कमलाबाईनं औषधाचे सगळे महिने पुरे केले. शेवटच्या खेपेला आली तेव्हा मी तिला ओळखलंच नाही. गाल भरले होते, आणि पौर्णिमा तिचं बोट सोडून व्हरांडाभर धावत होती.

त्या दिवसापासून रक्षा मॅडमनी आपली पद्धत बदलली. नुसतं नवऱ्याला सांगून त्यांनी कधी सोडलं नाही. रोग्याला सांगायचं, सासूला सांगायचं, बरोबर जो कुणी आला असेल त्याला सांगायचं. आणि मग वदवून घ्यायचं, "लघवीचा रंग कोणता येईल?" सगळा व्हरांडा ओरडायचा, "लाल!" सुरुवातीला बायका पदराआड हसत. मग त्यांनाही सवय झाली.

दोन हजार साल उलटलं आणि प्लॅस्टिकच्या पांढऱ्या डब्या आल्या. एकदा वापरायच्या आणि फेकून द्यायच्या. चांगलंच आहे ते, मी खोटं कशाला बोलू? हलक्या असतात, फुटत नाहीत. हातानं फिरवायचं यंत्र गेलं, विजेचं आलं. नळीतल्या निळ्या रंगासाठी कुणी श्वास रोखून उभं राहीना, आकडे छापून यायला लागले. प्रभाकरराव निवृत्त झाले. जाताना त्यांनी मला एकदा धुतलं, खिडकीच्या उजेडात धरलं, आणि परत ठेवलं. मग मी वरच्या फळीवर गेले. पट्टीवरची अक्षरं उडाली. कुणी मला दाराला अडसर म्हणून लावलं, कुणी माझ्यात फुलझाडाची फांदी खोचली, तीही पाण्यावाचून वाळली. मला वाईट वाटतं का? वाटतं ना! घरोघर जायची सवय होती मला. उंबरठे ओलांडायचे, माणसांच्या काळज्या ऐकायच्या. आता धुळीशिवाय माझ्याकडे कुणी येत नाही. मला कुठं तरी सांभाळून ठेवा, एवढं तुमच्याकडे मागायला मी लाजत नाही.

पण त्याहून मोठी गोष्ट मागते. मित्रांनो, कधी तरी तुमच्याही हातात डॉक्टर एखादी डबी ठेवतील. घरच्या कुणासाठी एखादा निरोप सांगतील, तो तुम्हाला बोलायला लाजिरवाणा वाटेल. तो घरी जाऊन सांगा. आईसमोर सांगा, आजीसमोर सांगा, कान लाल झाले तर होऊ द्या. आणि डबीत जे द्याल ते स्वतःचं द्या. रंग कसाही असो, अर्धी असो, थेंबभर असो. दवाखान्याला चांगली लघवी नको असते, खरी हवी असते. पार्बताबाईनं जिवापाड मायेनं मला गळ्यापर्यंत भरलं होतं, आणि तिची लघवी खरोखर सुंदर होती. पण तिच्यापायी कमलाबाई मरत होती.